खेळाचे फोटो काढायचे तर आधी मैदान मोजा

गेल्या हिवाळ्यात पुतणी घरी आली ती मोबाइलवर लेन्सचं पान उघडूनच. "काका, दीडशे-सहाशे घेऊन टाकू का? सगळे हीच घ्या म्हणतात." म्हणजे १५० ते ६०० मिमीची झूम लेन्स; मिमीचा आकडा जितका मोठा, तितका लांबचा माणूस फोटोत मोठा दिसतो. तिला इंदूरमध्ये चिमणबागेच्या मैदानावर खो-खो खेळणाऱ्या आपल्या मैत्रिणींचे फोटो काढायचे होते. मी हो-नाही काही बोललो नाही. मित्राकडून ती लेन्स एका दिवसासाठी मागून आणली, माझी ७०-२०० एफ २.८ (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते) बरोबर घेतली आणि तिला दिवे लागल्यावर मैदानावर बोलावलं.

शटर सेकंदाच्या आठशेव्या भागावर ठेवलं. त्याहून सावकाश ठेवलं तर पळतीचे पाय पुसट येतात. दोन्ही लेन्स २०० मिमीच्या जरा पुढेमागे. मोठ्या लेन्सचं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, तिथे ५.६च्या पुढे उघडत नाही, म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, २५,६०० वर गेला; तो वाढला की फोटो रवाळ होतो. चेहऱ्यावर नुसती रवाळ वाळू. माझ्या लेन्सवर तोच फोटो ६,४०० ला निघाला, कारण २.८ मधून ५.६ च्या चौपट उजेड आत येतो. पुतणीने दोन्ही फोटो मोठे करून पाहिले आणि मोबाइल खिशात ठेवला.

नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो: किती मिमी हा प्रश्न दुसरा. तुम्ही कुठल्या खेळापासून किती लांब उभे राहणार आणि तिथे उजेड किती, हे आधी ठरवा.

खो-खोचं मैदान साधारण २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. कडेला बसलात की ७०-२०० मध्ये जवळजवळ सगळा खेळ येतो. अभय प्रशालच्या बंदिस्त स्टेडियममध्ये टेबल टेनिस टिपायचं असेल तर तेवढीही लेन्स लागत नाही. टेबल पावणेतीन मीटरचं, तुम्ही आठेक मीटरवर. ८५ मिमी एफ १.८ क्रॉप (लहान) सेन्सरच्या बॉडीवर, म्हणजे कॅमेऱ्यावर, लावा, कॅमेरा उभा धरा, खेळाडू डोक्यापासून पायापर्यंत मावतो. ही लेन्स ७०-२०० च्या मानाने फारच स्वस्त, आणि बंदिस्त हॉलमध्ये तिच्याइतकं काम दुसरी कुठली करत नाही. फ्लॅश मात्र बॅगेतच राहू द्या, खेळाडूच्या डोळ्यांवर तो मारणं हा अन्याय आहे. एलईडी दिव्यांखाली फोटोत काळे पट्टे आले तर इलेक्ट्रॉनिक शटर सोडून मेकॅनिकल वापरा आणि दिव्यांच्या लुकलुकीचा परिणाम टाळणारं अँटी-फ्लिकर चालू करा.

क्रिकेटचं गणित वेगळं. सीमारेषेबाहेर बसलात तर फलंदाज ७० मीटरवर. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, २०० मिमीच्या आडव्या चौकटीत तिथे साडेआठ मीटर उंची मावते, म्हणजे माणूस चौकटीचा जेमतेम पाचवा हिस्सा. ६०० मिमीवर तोच अर्ध्याहून जास्त चौकट भरतो. दिवसाच्या क्लब सामन्यांना १५०-६०० खरोखर उत्तम, तेव्हा ऊन भरपूर असतं आणि ६०० मिमीवरच्या एफ ६.३ ची अडचण होत नाही. होळकर स्टेडियममधल्या आंतरराष्ट्रीय सामन्याचा विचार करून मात्र खरेदी करू नका. ८ डिसेंबर २०११ ला सेहवागने २१९ केल्या तेव्हा मी प्रेक्षकांत होतो, रिकाम्या हाताने. मोठा कॅमेरा आत न्यायला अधिकृत पास लागतो, आणि तो मिळायला आधी गावातल्या सामन्यांचं काम दाखवावं लागतं.

बॉडीबद्दल थोडक्यात. पैशांचा मोठा वाटा लेन्सवर घाला. निकॉन डी५०० किंवा कॅननची ७डी मार्क २, दोन्ही सेकंदाला दहा फोटो काढतात, दोन्ही क्रॉप सेन्सरच्या, जुन्या बाजारात मिळतात. शटर वापराने झिजतं, म्हणून ते किती वेळा चाललंय ते विचारा.

जुनी लेन्स घेताना मात्र घाई नको, इथे मी स्वतः पोळलो आहे. २०१४ साली निकॉनची जुनी ८०-२०० एफ २.८ डी घेतली. काच स्वच्छ, किंमत बेताची. माझी बॉडी होती डी५३००. त्या लेन्सला स्वतःची मोटर नाही, तिचा फोकस बॉडीतल्या मोटरने फिरतो, आणि डी५३०० मध्ये ती मोटरच नव्हती. विकणाऱ्याने ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही. शालेय स्पर्धेचा अंतिम सामना हाताने फोकस फिरवत गेला आणि वर्षभर तयारी केलेल्या मुलांचा एकही धारदार फोटो मी त्यांना देऊ शकलो नाही. म्हणून आपली बॉडी सोबत न्या, लेन्स लावा, दुकानाबाहेरच्या रहदारीवर सतत फोकस चालवून बघा. मग टॉर्च पाडून काचेच्या आत बुरशीचं जाळं आहे का तपासा. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती हमखास धरते, घरी आणल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

पुतणीने शेवटी जुनी ७०-२०० घेतली. परवा विचारत होती, मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) घेऊ का? दीड किलोची लेन्स आहे, हात भरून येतो हे खरं. पण खो-खोला नको म्हटलं. खांबाच्या पलीकडे, जरा तिरकी, मांडी घालून बस आणि कोपर गुडघ्यावर टेकव. खांबावर झेप घेणारी मुलगी तुझ्याच दिशेने येते, आणि तेव्हा तिचे डोळे तुझ्या लेन्सच्या उंचीवर असतात.