ए-फ्रेमने समतल रेषा अशी काढा

परवा पुतण्या मोबाइलवर लेव्हल दाखवणारं अ‍ॅप घेऊन आला. म्हणाला, "काका, तुमच्या तिकाटण्याचा जमाना गेला." त्याला डोंगरावर नेलं, तर उन्हात स्क्रीनच दिसेना. शेवटी माळ्यावरची ए-फ्रेमच, म्हणजे तेच बांबूचं तिकाटणं, खाली काढली. उतारावर एकाच उंचीने जाणारी समतल रेषा तिने आखतात आणि त्या रेषेवर पाणी अडवायला चर खणतात.

नव्वदच्या दशकात मी संगमनेरच्या पठारभागात पाणलोट सेवक होतो. १९९२ ला सुरू झालेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाचं ते काम. पैसा जर्मनीचा, नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या बँकेमार्फत यायचा. मागे लागून हे सगळं उभं केलं ते फादर हर्मन बाखरांनी. माणूस स्वित्झर्लंडचा, पण रमला नगरला. मात्र पैशाआधी गावाला श्रमदान, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी करून दाखवावी लागे. चराईबंदीला आमच्याकडचे शेळ्यावाले असे चिडले, की दोन सभा नुसत्या भांडणात गेल्या.

असो, आता कामाचं. सात-सात फुटांचे दोन सरळ बांबू आणि चार फुटांचा एक आडवा घ्या. लांब बांबू शेंड्याला एकमेकांवर ठेवून खाच पाडा आणि बाइंडिंग तारेने आवळा. खाली दोन पायांत बरोबर दोन मीटर अंतर ठेवा, म्हणजे दहा पावलांत वीस मीटर मोजून होतात. आडवा बांबू मध्यावर बांधा. शेंड्यापासून दोरीला वजन सोडा, ते आडव्याच्या खाली लोंबलं पाहिजे. दगड चालतो, पण वाऱ्यात हेलकावतो. मी गवंड्याचा ओळंबाच बांधतो.

आता खूण. इथे घाई करू नका. दोन्ही पायांखाली दोन चपटे दगड रोवा, जमीन तिरकी असली तरी चालेल. दोरी आडव्याला जिथे शिवते तिथे कोळशाने रेघ मारा. मग फ्रेम फिरवा: डावा पाय उजव्याच्या दगडावर, उजवा डाव्याच्या. पुन्हा रेघ मारा. दोन्ही रेघांच्या बरोबर मधोमध तिसरी, ती तुमची समतल खूण. ती खिळ्याने कोरून ठेवा, कोळसा घामाने पुसतो.

सुरुवात माथ्याकडून करा. एक पाय रोवलेला ठेवा, दुसरा वर-खाली सरकवत दोरी मधल्या खुणेवर आणा, तिथे चुन्याची फक्की टाका. मग मागचा पाय उचलून पुढे फिरवा. रेषा सापासारखी वळेल, वळू द्या. बारीक दातरे तेवढे हाताने सरळ करा.

डोळ्यावर विसंबू नका. मी विसंबलो होतो. जेवायची वेळ झाली म्हणून शेवटचे तीस फूट नजरेनेच आखले. पहिल्याच वळवात पाणी तिकडे धावलं, बांध फुटला आणि खालच्या शेजाऱ्याच्या बाजरीत मुरूम पसरला. अजून तो मला "इंजिनिअर" म्हणतो.

या रेषेवरचा चर दोन फूट रुंद, एक फूट खोल पुरतो. माती नेहमी खालच्या अंगाला टाका, रोपं त्या मातीच्या कडेला लावा. उतार जास्त तिथे चर जवळजवळ घ्या. खडक लागला तर तेवढी जागा सोडून पुढे चला. फिलिपिन्सच्या मिंडानाओ बेटावर हॅरोल्ड वॉटसन या अमेरिकी मिशनऱ्यांची उताराच्या शेतीची पद्धतही याच तिकाटण्यापासून सुरू होते. त्यांना १९८५ ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथे मात्र रेषेवर चर खणत नाहीत, शेंगवर्गीय झुडपांचं दाट कुंपण लावतात.

पहिला दणका पाऊस पडला की इरलं घेऊन चर बघायला जा. पाणी सगळीकडे सारखं उभं दिसलं पाहिजे. एका टोकाला गोळा होत असेल तर चर पुन्हा खणत बसू नका. मध्ये दर काही फुटांवर मातीचा आडवा अडसर घाला, पायाने तुडवून घट्ट करा.