साधं का पॉवर? महागडं पेट्रोल इंजिनला खरंच लागतं का, घरबसल्या कसं ठरवायचं

पंपावर नंबर आला की पोरगा विचारतो साधं का पॉवर, मागचा हॉर्न मारत असतो आणि आपण घाईत कायतरी बोलून मोकळे होतो. म्हणून हे पंपावर ठरवायचंच नाही, घरी पार्किंगमध्ये ठरवायचं, पाच मिनिटांचं काम आहे.

टाकीचं झाकण उघडून स्टिकर बघा, नसेल तर मॅन्युअल काढा (सर्व्हिसच्या बिलांखाली दबलेलं असतं, बहुतेक प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नसतं). त्यात ऑक्टेन किंवा आरओएन (ऑक्टेन मोजायचंच एक माप) पुढचा आकडा शोधा. "९१ किंवा जास्त" लिहिलंय तर साधं टाका, विषय संपला. "किंवा जास्त" म्हणजे जास्तीचं चालतं एवढंच, जास्तीचं टाका असं कंपनी म्हणत नाहीये. किमान ९५ लिहिलं असेल तर मात्र ९५ लिहिलेलं प्रीमियमच टाकायचं, तिथे आठ-दहा रुपये वाचवायला जाऊ नका. आणि ९५ उत्तम पण ९१ चालेल असं असेल तर शहरात साधं, आणि उन्हाळ्यात पाच माणसं आणि सामान भरून घाट चढायचा असेल तेव्हा ९५, मी तरी असंच करतो.

आता ऑक्टेन म्हणजे काय, कारण सगळा गोंधळ इथेच आहे. ती पेट्रोलची ताकद नाही आणि शुद्धता पण नाही. पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोल दाबलं जातं, दाबलं की तापतं, मग प्लगची ठिणगी पडते आणि ज्वाला पसरत जाते, पण ती पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःहून पेटलं तर पिस्टनवर ठोका बसतो, ते नॉकिंग. ऑक्टेन जास्त म्हणजे पेट्रोल असं आपणहून पेटायला जास्त वेळ तग धरतं, बस. साधारण १०:१ कॉम्प्रेशनच्या (म्हणजे मिश्रण दाबून दहावा हिस्सा करणाऱ्या) रोजच्या कम्युटर बाइकला त्याची गरजच पडत नाही, १२ च्या वर कॉम्प्रेशन असलेल्या स्पोर्ट्स बाइकला किंवा टर्बो गाडीला पडू शकते. नव्या बऱ्याच गाड्यांमध्ये नॉक सेन्सर असतो, तो ठोका ओळखून ठिणगी थोडी उशिरा पाडायला लावतो, त्यामुळे पिकअप थोडा मरतो पण इंजिन वाचतं. जुन्या कार्बोरेटरवाल्या बाइकला ही सोय नाही.

अमेरिकेत एएए नावाच्या संस्थेने २०१६ साली साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये प्रीमियम टाकून टेस्ट केली होती, ना पॉवर वाढली ना मायलेज ना धूर कमी झाला. (तिकडचा भाऊ "आम्ही ८७ टाकतो" म्हणाला तर हसू नका, त्यांची मोजायची पद्धत वेगळी आहे, ते ८७ म्हणजे साधारण आपलं ९१च.)

मग प्रीमियममध्ये काहीच नाही का, तर आहे, क्लीनिंग अ‍ॅडिटिव्ह. ते इंजेक्टर आणि इनटेक व्हॉल्व्हवर साचणारा थर कमी ठेवतं. पण डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये जातं, व्हॉल्व्हवरून जातच नाही, मग व्हॉल्व्ह धुणार कुठून. आणि साधं म्हणजे घाण असंही नाही, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये सल्फरची मर्यादा ५० वरून १० पीपीएमवर आली, ती दोन्हींना सारखीच.

माझाच किस्सा. जुनी बाइक, कात्रजच्या चढाला चौथ्या गिअरमध्ये खालून टिकटिक टिकटिक, डब्यात खडे हलवल्यासारखी. मी शहाणपणा करून तीन महिने पॉवर टाकलं, आवाज कमी झाला, मी खूश. मेकॅनिकने ऑइलची पट्टी काढून कपड्यावर पुसली तर डांबरासारखं काळं आणि ते पण जेमतेम टोकाला. हेड उघडलं तर पिस्टनवर कार्बनचा थर. त्या कार्बनमुळे आणि गरम इंजिनमुळे नॉकिंग होत होतं, महागड्या पेट्रोलने आवाज दाबला, दुखणं तसंच. आणि खरं सांगायचं तर चढाला गिअर खाली टाकला असता तरी निम्मा आवाज गेला असता.

हिशोब करून बघा. स्कूटर ४५ चं अ‍ॅव्हरेज देते, वर्षाला १०,००० किमी, म्हणजे साधारण २२२ लिटर, लिटरमागे ८ रुपये जास्त धरले तर पावणेदोन हजारांच्या वर जातात. तेवढ्यात वेळेवर ऑइल, एअर फिल्टर, प्लग सगळं होतं. कारचं १५ चं अ‍ॅव्हरेज आणि १२,००० किमी धरा, ६,४०० रुपये.

भेसळीची भीती वाटत असेल तर प्रीमियम हा उपाय नाही, तपासणी हा आहे. पंपावर फिल्टर पेपर मागा, तो द्यावाच लागतो, नोझलचं तोंड पुसून एक थेंब टाका, दोनेक मिनिटांत उडून गेला पाहिजे, डाग राहिला तर शंका घ्या. मशीनवर डेन्सिटी दिसते ती पण बघा.

पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचं टेन्शन असेल तर झाकणावर ई२० (म्हणजे वीस टक्के इथेनॉल चालतं) लिहिलंय का ते बघा. नुसतं ९५ घेतलं म्हणजे इथेनॉल नाही असं समजू नका, उलट इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन शंभरच्या वर असतं. गाडी पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर मात्र काळजी घ्या, इथेनॉल पाणी ओढतं. आठवड्यातून एकदा स्टार्ट करून सोसायटीत दोन चकरा मारल्याने काही होत नाही, वीसेक मिनिटं रस्त्यावर नीट चालवा आणि ते पेट्रोल संपवून नवीन भरा.