एक्सपान्शन घेण्याआधी नियमपुस्तिका वाचा

पटावरच्या युद्धखेळाचं एक्सपान्शन, म्हणजे मूळ खेळाला जोडायचा पुरवणी संच, घेताना नजर आधी प्लॅस्टिकच्या सैनिकांवर जाते. गफलत तिथेच होते. ‘मेमॉयर ४४’चंच बघा. रिचर्ड बोर्ग यांनी रचलेला, दुसऱ्या महायुद्धावरचा हा खेळ २००४ साली आला. त्याच्या ‘ईस्टर्न फ्रंट’ या एक्सपान्शनमध्ये सोव्हिएत फौज आणि बर्फाळ भूभाग मिळतो, पण माझ्या मते पैसे वसूल होतात ते कमिसारच्या, म्हणजे सोव्हिएत फौजेतल्या राजकीय अधिकाऱ्याच्या, नियमामुळे. रशियन बाजूनं खेळणाऱ्याला पुढच्या खेळीचं कार्ड बहुतेक वेळा आधीच निवडून कमिसारच्या चकतीखाली ठेवावं लागतं. मधल्या वेळात जर्मनांनी डाव्या बगलेवर रणगाडे घुसवले आणि तुमचं कार्ड उजव्या बगलेची फौज हलवायचं निघालं, तर हात चोळत बसायचं! ओळखीचा पट, तेच फासे, पण डोकं वेगळं चालवावं लागतं.

याउलट ‘टेरेन पॅक’ या त्याच खेळाच्या दुसऱ्या एक्सपान्शनमध्ये नवी फौजच नाही. तरीही वाळवंटाच्या षटकोनी चकत्या आल्या, की घरातल्याच सैनिकांना घेऊन उत्तर आफ्रिकेत उतरता येतं.

म्हणून आधी नियमपुस्तिका वाचा. अनेक प्रकाशक ती संकेतस्थळावर फुकट देतात. नव्या नियमानं तुमचा निर्णय कुठे बदलेल, ते शोधा. मग संचातल्या लढायांची यादी नीट तपासा. काही लढायांना आणखी एखादा संच लागतो, आणि मूळ खेळ तर ‘ईस्टर्न फ्रंट’लाही लागतोच, कारण जर्मन सैनिक त्याच खोक्यातले वापरायचे असतात.