जरा वेगळा टूटू घेताना

लहान गावात दुकानापेक्षा नृत्यशाळेची कपाटं आधी धुंडाळा. वार्षिक कार्यक्रम संपला की तिथले चमत्कारिक रंगांचे, पिसांचे टूटू (बॅले नाचातले जाळीदार घेराचे पोशाख) विकायला निघतात.

पॅनकेक टूटू कमरेशी थाळीसारखा आडवा राहतो. त्यात कडक नेटचे साधारण १० ते १२ थर आणि बहुधा स्टीलची पातळ रिंग असते. रोमँटिक टूटू मऊ, पोटरीपर्यंत लोंबणारा.

टेप सोबत न्या. छाती-कंबरेइतकंच महत्त्वाचं माप म्हणजे गर्थ: खांद्यावरून पुढून खाली, पायांमधून मागे, परत त्याच खांद्यापर्यंत. हे कमी पडलं की हात वर करताच अख्खा टूटू वर ओढला जातो, आणि ते दुरुस्त करणं कटकटीचं. पाठीवर हुकांच्या दोन-तीन ओळी असतील तर कमरेचं माप जमवता येतं.

मग टूटू उलटा करा. थर जोडणारे टाके सैल हवेत. घट्ट ओढलेले असले तर घेर फुलत नाही. कमरेवर टोकदार खडे असतील तर जोडीदाराचे हात सोलतात, म्हणून युगुलनृत्यासाठी तो टूटू सोडाच, कितीही सुंदर असो.

घरी पॅनकेक उलटा टांगा, म्हणजे घेर खाली झुकत नाही.