रेशन ते मेरान सायकलवर: निघायच्या आधी काय काय बघायचं

दादा-वहिनी आणि त्यांच्या पुण्याच्या सायकल ग्रुपमधले आणखी चौघं जूनमध्ये येतायत, आणि गेले तीन आठवडे रोज रात्री फोनवर एकेक प्रश्न येतोय, जॅकेट किती जाड घेऊ, ठेपले न्यायचे का, घाट किती आहे वगैरे, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून काढतो म्हणजे बाकीच्यांनाही उपयोग होईल. मी म्युनिकला राहतो, हा रस्ता दोनदा केलाय, एकदा अगदी वाईट तयारीने आणि एकदा बऱ्यापैकी.

तर आधी जागा. इटलीच्या अगदी उत्तरेला, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या कोपऱ्यात साउथ टिरोलमध्ये फिन्शगाउ नावाची दरी आहे. वर रेशन खिंड, साधारण १५०० मीटर उंच (घरी "रेशनला चाललोय" म्हटलं की आई पिशवी हातात देते, असो), तिथे एच नदी उगम पावते आणि ती खाली मेरान शहरापर्यंत उतरते, मेरान सव्वातीनशे मीटरवर. मधलं अंतर ८० किलोमीटरच्या आसपास, जवळजवळ पूर्ण रस्ता नदीच्या सोबतीने वेगळा सायकल मार्ग. वरून खाली जायचं. त्यामुळे सगळे म्हणतात अरे मग सोप्पंय, तयारी कसली. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे, चढाची तयारी आपण पुण्यात करतोच, सिंहगड करतो, बोपदेव करतो, पण उताराची तयारी कुणीच करत नाही आणि इथे लोकांची वाट लागते ती उतारावर.

म्हणून यादीत पहिला नंबर ब्रेकचा. पहिल्या वेळी मी भाड्याची सायकल घेतली, दुकानात गोल चक्कर मारून बघितली आणि निघालो. पहिले दहाएक किलोमीटर तलावांच्या काठाने जवळपास सपाट आहेत, मजा येते, आणि मग सांक्ट वालेंटिन गाव सोडलं की ग्लुर्न्सपर्यंत साडेपाचशे मीटर खाली. अर्ध्यात माझी बोटं इतकी आखडली की थांबून हात झटकावे लागले, आणि मागचा ब्रेक किंचाळायला लागला कारण पॅड संपलेलेच होते, मी बघितलेच नव्हते. तर सायकल घेताना पॅड बघा, लिव्हर बोटांना जवळ करून घ्या (स्क्रूने होतं ते, दुकानवाला दोन मिनिटात करून देतो), आणि एक गोष्ट खास आपल्या लोकांसाठी: आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, इथे उलटं, डावा हात पुढचा, उजवा मागचा. सपाटीवर काही फरक पडत नाही, पण उतारावर घाबरून डावा जोरात दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो. निघायच्या आदल्या संध्याकाळी पार्किंगमध्ये पंधरा मिनिटं नुसतं ब्रेक मारत फिरा, लोक हसले तर हसू देत. गाडी उजव्या बाजूने चालवायची हेही त्याच पंधरा मिनिटात डोक्यात बसवा, वळताना आधी डावीकडे बघायचं.

पुण्यात असताना सराव करायचा तर दिवे घाट चढून वर चहा पिऊन टेम्पोतून खाली येऊ नका, उतरताना सायकलवरच या, सकाळी लवकर ट्रॅफिक नसताना, आणि ब्रेक सतत धरून न ठेवता दाबा-सोडा दाबा-सोडा करायची सवय लावा. सामान लादून करा. दहा किलो मागे बांधलं की तीच सायकल वेगळी वागते.

कपड्यांचं सांगतो. जूनमध्ये सकाळी रेशनला सात-आठ डिग्री असू शकतं आणि त्याच दिवशी दुपारी खाली मेरानला तीस, म्हणजे एका दिवसात महाबळेश्वरची थंडी आणि पुण्यातली उन्हाची दुपार. आणि उतारावर पाय फारसे मारायचे नसतात त्यामुळे अंग तापत नाही, वारा मात्र पूर्ण लागतो. पातळ विंडचीटर, पूर्ण बोटांचे हातमोजे, कानावरून येणारी पट्टी, हे तीन पाठीवरच्या किंवा हँडलच्या पिशवीत, हाताशी. मागच्या पॅनिअरच्या (मागच्या चाकाच्या बाजूला लटकवायची पिशवी) तळाशी नाही, आणि सामान पुढच्या हॉटेलला पाठवणार असाल तर त्या बॅगेत तर अजिबात नाही, मी ती चूक केलीय, शेवटी बेकरीतून जुना पेपर मागून छातीवर टी-शर्टाच्या आत घातला. चालतं बरं का ते, वारा अडतो. रेनकोट घ्या पण फार जड नको, ही दरी आल्प्सच्या मानाने बरीच कोरडी आहे, दोन्ही बाजूंचे डोंगर पाऊस अडवतात. ऊन मात्र लागतं, सनस्क्रीन विसरू नका. पॅडवाली शॉर्ट दोन, कारण एक धुतली की सकाळपर्यंत वाळेलच असं नाही.

कोरड्या हवेवरून आठवलं, या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वीपासून बर्फाचं पाणी डोंगराच्या कडेने पाटाने आणून शेती भिजवली. त्याला इथे वाल म्हणतात. कोकणातल्या माणसाला समजवायलाच नको, बागेला शिपणं करायचा पाट तोच, फक्त किलोमीटरच्या किलोमीटर लांब आणि कड्याच्या कुशीतून. पाटाच्या बाजूने पायवाटा आहेत, अर्धा दिवस त्यासाठी ठेवा, पण त्या अरुंद असतात, तिथे सायकल न्यायची नाही, चालत जायचं. म्हणजे यादीत साधे बूट आले. क्लीट्सवाले (पेडलमध्ये अडकणारे, खाली कडक खुंट्या असलेले) शूज घालून त्या वाटेवर बदकासारखे चालाल.

दिवस किती ठेवायचे? जोरात मारणारे एका दिवसात संपवतात, मग आलात कशाला. तीन दिवस ठेवा, दोन मुक्काम, एक ग्लुर्न्सला आणि एक श्लांडर्स किंवा नाटुर्न्सला. पहिल्या दिवशी ग्राउनला थांबाच, तलावातून चर्चचा मनोरा वर आलेला दिसतो, १४व्या शतकातला. १९५० मध्ये वीज प्रकल्पासाठी पाणी अडवलं, जुनं गाव बुडालं, मनोरा तेवढा राहिला. सगळे तिथे सेल्फी काढत असतात, मी पहिल्यांदा काढला आणि मग मला कोयनेच्या आणि उजनीच्या पाण्याखालची गावं आठवली, उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं ना, तसंच. मग जरा गप्पच झालो. इथल्या लोकांनाही घरं सोडून वर बराकीत राहावं लागलं होतं.

पुढे बुर्गाइसच्या वर पांढरीशुभ्र मारीएनबेर्ग मठाची इमारत दिसते, साधारण १३४० मीटरवर, वर जायचं तर चढ आहे, पाय ताजे असतील तर जा. ग्लुर्न्स म्हणजे हजारभरसुद्धा वस्ती नसलेलं पण नावाने शहर, चारी बाजूंनी तटबंदी शाबूत, तीन वेशी. १४९९ ला स्विस लोकांशी झालेल्या लढाईनंतर गाव जाळलं गेलं आणि मग ही भिंत बांधली. मुक्कामाची खोली तटाच्या आत मिळाली तर बघा, संध्याकाळी दिवसाचे पर्यटक गेले की गाव आपलं असतं. खोल्या कमी आहेत म्हणून हे बुकिंग सगळ्यात आधी करा, आणि बुक करताना दोन गोष्टी विचारा: सायकली रात्री कुलूपबंद खोलीत ठेवता येतील का, आणि गेस्ट पास मिळेल का. बऱ्याच हॉटेलांत मुक्कामाबरोबर साउथ टिरोलचा पास देतात, त्यावर लोकल ट्रेन-बस फुकट, मात्र सायकलीचं तिकीट त्यात नसतं, ते वेगळं.

ट्रेनचं: मेरानहून माल्सपर्यंत साठ किलोमीटरची छोटी रेल्वे आहे, मधे पंधराएक वर्षं बंद होती, २००५ ला पुन्हा सुरू झाली. आपला बेत असा की मेरानहून ट्रेनने माल्स, तिथून बसने रेशन, मग खाली. पण त्या लाइनवर विद्युतीकरणाचं काम निघालं आणि काही टप्प्यांत ट्रेनऐवजी बस सुटायला लागल्या, त्यामुळे वेळापत्रक निघायच्या आठवड्यात बघा, सहा महिने आधी काढलेला स्क्रीनशॉट कामाचा नाही. भाड्याची सायकल एका स्टेशनवर घेऊन दुसऱ्या स्टेशनवर सोडता येते, हेच सोपं, पुण्याहून सायकल बॉक्समध्ये घालून आणायचा हट्ट दादाने सोडावा. फक्त स्वतःचं सीट आणि पेडल आणलं तर आणा.

गावांना दोन दोन नावं आहेत. पहिल्या महायुद्धानंतर हा भाग ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला पण लोक अजून जर्मनच बोलतात, त्यामुळे माल्स म्हणजेच माल्लेस, ग्लुर्न्स म्हणजे ग्लोरेन्झा, ग्राउन म्हणजे कुरोन, फिन्शगाउ म्हणजे वाल वेनोस्ता आणि नदी एच म्हणजे अडिजे. एका कागदावर दोन्ही नावं लिहून हँडलच्या पिशवीत ठेवा, नाहीतर नकाशात एक आणि तिकिटावर दुसरं बघून भर स्टेशनवर भांडण होतं, आमचं झालंय.

खाण्याचं, कारण वहिनी शाकाहारी. श्पेक म्हणजे डुकराचं मांस, आणि ते कशातही असू शकतं, क्नोडेलमध्ये (पावाचे उकडलेले गोळे), सूपमध्ये, बटाट्यात. "ओने फ्लाइश, ओने श्पेक" (मांस नको, श्पेक नको) हे पाठ करा. पालकाचे किंवा चीजचे क्नोडेल मागवा, आणि श्लुट्सक्राप्फन हा प्रकार म्हणजे पालक आणि चीज भरलेली उकडलेली करंजीच, वरून लोणी. राईच्या पिठाचा चपटा पाव घ्या, दोन भाकऱ्या एकमेकींना चिकटलेल्या असतात म्हणून त्याला पार्ल म्हणतात, आणि त्यात एक निळी मेथी घालतात, आपल्या मेथीची चुलत बहीण. पहिला घास खाल्ला आणि मी बायकोकडे बघितलं, ती म्हणाली मेथीची भाकरी! तर ठेपले आणा पण ढीगभर नको. दुकानं दुपारी बंद, रविवारी बंद (पुणेकरांना वेगळं काय सांगायचं), आणि रेस्टॉरंटचाही आठवड्याचा एक सुट्टीचा वार असतो, दारावर "रूहेटाग" लिहिलेलं दिसलं की पुढे चला. म्हणून शनिवारी संध्याकाळी पाव, चीज, फळं घेऊन ठेवा. पाणी गावातल्या कारंज्यांतून भरा, थंडगार असतं, फक्त "काइन ट्रिंकवासर" (पिण्याचं पाणी नाही) अशी पाटी असेल तर सोडून द्या.

खालच्या अर्ध्या भागात रस्ता सफरचंदाच्या बागांमधून जातो. पिकाचे दिवस ऑगस्टच्या शेवटापासून, तेव्हा ट्रॅक्टर खूप, जूनमध्ये तेवढे नसतात पण फवारणीचा ट्रॅक्टर दिसला तर लांब थांबा. माल्सच्या लोकांनी २०१४ ला गावात कीटकनाशकं नकोत म्हणून मतदान घेतलं होतं, यावरून विषय किती तापलेला आहे ते समजा. झाडावरचं फळ तोडू नका, आपल्याकडे एखादा पेरू चालून जातो, इथे नाही. मेरानच्या आधी टोल गावापासून पुन्हा तीव्र नागमोडी उतार आहे, तिसऱ्या दिवशी दमलेल्या हातांनी तो येतो, तिथे घाई नको.

कागदपत्रं पटकन: शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, विम्याचं कव्हर किमान ३०,००० युरो. जास्त रात्री ज्या देशात त्याच देशाकडे अर्ज. तीन देश इतके जवळ आहेत की पासपोर्ट कायम अंगावर. ग्लुर्न्सहून म्युस्टाइरचा जुना मठ बघायला गेलात तर तो स्वित्झर्लंड, साधारण साडेतीनशे मीटरचा चढ, जागा अप्रतिम, युनेस्कोच्या यादीत आहे, पण फोनचं मोबाइल डेटा सीमेच्या आधीच बंद करा, युरोपियन युनियनचं रोमिंग तिथे लागू नाही. माझं बिल सांगत नाही, बायको हे वाचणार आहे.

हत्यारांत दोन ट्यूब, टायर काढायचे चमचे, पंप, अॅलन की, चेनची जोडकडी. व्हॉल्व्ह कुठला आहे ते सायकल ताब्यात घेताना बघा आणि त्याच मापाची ट्यूब घ्या. पुढचा-मागचा लाइट आणि घंटी इटलीत हवीच, अंधारात गावाबाहेर किंवा बोगद्यात रिफ्लेक्टरचं जॅकेटही. इमर्जन्सी नंबर ११२.

दादा, ब्रेक पॅडचा फोटो सायकल घेतल्या घेतल्या मला पाठव. आणि हातमोजे वरच्या खिशात.