पत्ता उजवीकडून वाचावा

घरच्या संगणकावर बँकेचे संकेतस्थळ उघडल्यावर, पासवर्ड टाकण्यापूर्वी, ब्राउझरच्या वरच्या पट्टीतील पत्ता एकदा नीट वाचावा, आणि तोही उजवीकडून. संकेतस्थळाच्या नावानंतर जी तिरपी रेघ येते, तिच्या लगेच डावीकडचे शेवटचे दोन-तीन शब्दच खऱ्या मालकाची ओळख सांगतात. त्याआधी बँकेचे नाव कोणालाही घालता येते. म्हणजे ‘अमुकबँक डॉट खातेतपासणी डॉट कॉम’ हा पत्ता बँकेचा नसून ‘खातेतपासणी डॉट कॉम’ नोंदवणाऱ्याचा असतो. रिझर्व्ह बँकेने भारतातील बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ असे शेपूट असलेल्या पत्त्यावर येण्यास सांगितले होते, आणि हे शेपूट बँकांसाठीच राखून ठेवलेले असल्यामुळे ही पारख आता पुष्कळ सोपी झाली आहे.

कुलपाचे चिन्ह पाहून निर्धास्त होणारे बरेच भेटतात. ते चिन्ह वाटेतला मजकूर सांकेतिक केला जात असल्याचे सांगते, पलीकडचा माणूस सचोटीचा असल्याचे नव्हे. भामट्यालाही ते फुकट मिळते.

ब्राउझरमध्ये पासवर्ड जतन केलेला असेल आणि नेहमीच्या पानावर तो आपोआप भरला गेला नाही, तर हाताने टंकण्याची घाई करू नये, कारण ब्राउझर पत्त्याचे अक्षर न् अक्षर जुळवून पाहतो, आपण मात्र केवळ रंग आणि बोधचिन्ह पाहतो. पैसे गेलेच, तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा.