अँप घेतलात, आता बोर्ड आणि वायर कुठली?

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बऱ्याच अँप्लिफायरना काही झालेलंच नसतं. ‘घुंऽऽ’ आवाज येतो म्हणून माणूस कोथरूडहून रिक्षात घालून आणतो आणि माझ्या टेबलावर लावला की अँप चिडीचूप. दोष घरी, टीव्हीच्या कपाटामागे राहिलेला असतो. म्हणून कुणी ‘पॉवर केबल कुठली घेऊ?’ असं विचारलं, की मी आधी भिंतीतल्या सॉकेटची चौकशी करते.

पुण्याच्या पेठांतल्या जुन्या वाड्यांमध्ये सॉकेटला तीन भोकं असतात, पण वरच्या, म्हणजे अर्थच्या, भोकामागे कधी कधी वायरच नसते. साधा मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवा. फेज-न्यूट्रल 230च्या आसपास यायला हवं, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. फेज-अर्थचा आकडा शंभराच्या आसपास भटकत असेल तर अर्थिंग नाहीच असं समजा. आणि घरात गीझर चालू असतानाही न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य येत असेल तर खूश होऊ नका. कुणीतरी सॉकेटच्या आत न्यूट्रलवरून अर्थला वायरचा तुकडा मारून ठेवलेला असू शकतो. सॉकेटच्या आधी लाइनमध्ये कुठे न्यूट्रल तुटला, तर त्या तुकड्यातून अँपच्या पत्र्याच्या बॉडीवर थेट फेज येतो. मेन बंद करून सॉकेट उघडून घ्या, आणि हे काम वायरमनकडूनच करून घ्या. अर्थिंगवर लोड टाकून बघायलाही त्यालाच सांगा, कारण गंजलेलं अर्थिंगसुद्धा मीटरवर 230 दाखवतं.

हे नीट असेल तरच पुढचा खर्च करा.

आता बोर्ड. दुकानात स्पाइक गार्ड मागितला की चकचकीत पट्टी पुढे येते. कुठल्याही देशाची पिन बसेल अशा भोकांची असेल, तर परत द्या. सगळ्यांना बसणारं सॉकेट कुणालाच घट्ट धरत नाही, आणि पहिली ढिली पडते ती अर्थची पिन. जुनी पट्टी घरात असेल तर उघडून बघा. आत सॉकेटांना जोडणारी पितळी पट्टी असायला हवी. चुंबक चिकटलं तर लोखंडावर मुलामा आहे. मी उघडलेल्या कितीतरी पट्ट्यांत अर्थची तार केसासारखी बारीक आणि तीही कच्च्या डागावर टांगलेली होती.

त्यापेक्षा बोर्ड बनवून घ्या. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत सगळं सामान एका फेरीत मिळतं: पत्र्याचा सरफेस बॉक्स, चांगल्या कंपनीची चार-पाच 6/16 अँपियरची सॉकेटं, तीन कोरची दीड किंवा अडीच एमएमची (म्हणजे चौरस मिलिमीटरची) फ्लेक्झिबल वायर, एक 16 अँपियरचा थ्री पिन टॉप आणि वायर बॉक्समध्ये शिरते तिथे घट्ट आवळायला ग्लँड. प्रत्येक सॉकेटला स्विच नको. एक स्विच कमी म्हणजे ठिणगी पडायची एक जागा कमी. वायरच्या टोकांना लग किंवा फेरूल, म्हणजे धातूची छोटी टोपी, दाबून घ्या. काही जण टोकाला सोल्डर लावून मग स्क्रूखाली दाबतात. दिसायला ते छान दिसतं, पण स्क्रूच्या दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरतं आणि सांधा ढिला होतो. पत्र्याच्या बॉक्सला अर्थची वायर स्वतंत्र लगने जोडलीच पाहिजे, त्यात सूट नाही.

सर्ज प्रोटेक्शन हवं का? हवं, पण त्याचा आवाका ओळखून. त्यातला एमओव्ही नावाचा छोटा भाग जादा व्होल्टेजचा क्षणभराचा झटका गिळतो आणि दर झटक्याला थोडा झिजतो, म्हणून ‘प्रोटेक्टेड’चा दिवा विझला की तो बदलायचा. सोसायटीच्या थ्री फेज लाइनचा न्यूट्रल तुटला तर घरात 300-400 व्होल्ट शिरू शकतात, आणि तेवढे सतत आले तर एमओव्ही जळतो. त्यासाठी मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा; ऑडिओबरोबर फ्रिजही वाचेल. वळीव गडगडायला लागला की मात्र सरळ टॉप काढा, आणि केबल टीव्हीची वायरही काढा. ती हमखास राहते.

आता वायर. दीड एमएम तांब्याच्या फ्लेक्झिबल वायरचा रोध किलोमीटरला साधारण 13.3 ओहम. दोन मीटरची कॉर्ड म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर, म्हणजे 0.053 ओहम. अँप 400 वॅट ओढत असेल तर करंट पावणेदोन अँपियरच्या आसपास, आणि वायरमध्ये पडणारं व्होल्टेज 0.1 व्होल्टपेक्षाही कमी. 230 मधून! पाऊण एमएम घेतली तरी 0.2च्या आतच. त्यामुळे पंचवीस हजारांच्या केबलचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी स्वतः दीड एमएम वापरते आणि उरलेल्या पैशांत स्पीकरचे स्टँड घेते. वायरवर आयएसआय मार्क आणि आयएस 694 छापलेलं बघा. टोक ब्लेडने खरवडून बघा. तांब्याखाली पांढरं दिसलं तर आत ॲल्युमिनियम आहे, आणि दुकानदार ‘सगळे हेच नेतात’ म्हणाला तरी नेऊ नका.

बाहेरून आणलेल्या अँपचं एक वेगळंच दुखणं असतं. युरोपातला जाड गोल टॉप आपल्या 6 अँपियरच्या सॉकेटमध्ये बसतो, अँप चालूही होतो, पण त्या टॉपचं अर्थिंग कडेच्या पट्ट्यांना असतं आणि आपल्या सॉकेटमध्ये तिथे काहीच नाही. म्हणजे अँप विनाअर्थिंग. हात लावला की झिणझिण्या येतात त्या यामुळेच. अडॅप्टर नको. कंप्युटरला लागते तीच कॉर्ड, सी-13 म्हणून मागा, एका टोकाला भारतीय टॉप असलेली घ्या. अँपच्या मागे एकात एक दोन चौकोनांची खूण असेल, तर मात्र त्याला अर्थची गरज नाही.

राहिली घुंघुं. अँप, डीएसी (डिजिटल गाण्याचं अ‍ॅनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणारा डबा), टीव्ही, सबवूफर सगळं एकाच बोर्डावर लावा, म्हणजे सगळ्यांचं अर्थिंग एकाच जागी येतं. घरगुती ऑडिओचा लोड फारसा नसतो, एक बोर्ड सहज पुरतो. मिक्सर आणि इस्त्री तेवढी त्यावर नको. तरी आवाज राहिला तर सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा. आवाज गेला, तर चोर सापडला: त्या केबलला आयसोलेटर लावा, म्हणजे केबलमधून येणारी अर्थची जोडणी तोडून फक्त सिग्नल पुढे जाऊ देणारा छोटा जोड. अर्थची पिन कापून आवाज घालवणारे महाभाग पुण्यात आहेत. आवाज जातो खरा, पण त्यानंतर अँपला हात लावायचा तो रबरी चप्पल घालूनच. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर गुरगुर वाढत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. साइन वेव्हचा हवा.

बोर्ड लावल्यावर तासभर मोठ्याने गाणी वाजवा आणि मग टॉप हातात धरून बघा. कोमट लागला तर हरकत नाही. चटका बसला तर सॉकेट बदला, आणि पिन काळी पडली असेल तर टॉपही.